घटात खोवलेले मूग

आमच्या घरात एका नवरात्रात घट उगवला नाही. त्याला देवीचा कोप कारणीभूत नव्हता, वहिनींचा हात नव्हता, आणि त्यांच्या कपाळाला कुंकू नसणं तर मुळीच नव्हतं. कारण मी होतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. देवीला सांगायचा प्रश्न येत नाही. ती असेल तर तिला त्याच दिवशी कळलं असणार.

सगळं सुरू झालं ते माझ्या आळसातून.

पितृपक्ष हा आमच्या घरात पितरांपेक्षा फडक्यांचा पंधरवडा असतो. गणपती गेले, पाऊस परतीच्या वाटेला लागला, की बायको आणि वहिनी पदर खोचून घर उलटं करतात. घटस्थापनेच्या आत प्रत्येक गोधडी, प्रत्येक पडदा, माळ्यावरचं प्रत्येक पातेलं पाण्यातून निघालं पाहिजे. पितर बिचारे खीर-वडे खायला येतात ते अशा घरात, जिथे गाद्या गच्चीवर, भांडी अंगणात आणि घरमालक शिडीवर. माझ्या वडिलांना वास्तविक धुळीची ॲलर्जी होती. ते येतच नसावेत.

नाशिकचा पाऊस संपताना जे मागे ठेवून जातो ते पाहण्यासारखं असतं. आमच्या रो-हाउसच्या मागच्या भिंतीला हिरवं शेवाळ, न्हाणीघराच्या छताला काळी बुरशी, चपलांच्या कपाटात एक वेगळीच पांढरी बुरशी, आणि मागच्या वाफ्यात गुडघाभर रान. गाजरगवत, टाकळा, केना, आघाडा. यांतलं काहीही आम्ही लावलेलं नाही आणि यांतलं काहीही कधी मरत नाही. आम्ही लावलेला गुलाब मात्र दरवर्षी मरतो.

कामांची वाटणी बायको तोंडी करते आणि तिच्यावर अपील नसतं. त्या वर्षी माझ्या वाट्याला दोन कामं आली: गच्चीवरची पाण्याची टाकी धुणं आणि मागचा वाफा साफ करणं. माळा, गोधड्या आणि देवघर वहिनींकडे. बाकी सगळं, म्हणजे आमच्यावर ओरडणं धरून, तिच्याकडे.

टाकी मी प्रामाणिकपणे धुतली. आत उतरलो, खराट्याने गाळ खरवडला, बादलीने उपसला. तळाशी एक मेलेली पाल सापडली, बरीच जुनी. तेही मी घरात सांगितलं नाही, पण त्याबद्दल मला काही वाटत नाही. आम्ही सगळे धडधाकट आहोत.

वाफ्याचं मात्र माझ्या जिवावर आलं होतं. खुरपं घेऊन उकिडवं बसायचं, मुळासकट उपटायचं, हात खाजवायचे, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मी ओझरच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअरला आहे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी नांदगावचा. त्याचं शरीर स्टोअरमध्ये असतं आणि मन कांद्यात. डबा खाताना मी माझं रडगाणं गायलो.

"खुरपत काय बसता राव," तो म्हणाला. "आम्ही कांद्यात मारतो ते औषध उरलंय थोडं. देतो आणून. उगवलेलं जळून जातं आन् बी असंल ते डोकंच वर काढत नाय. लय जालीम हाय."

"काही धोका?"

"दोन-तीन महिने तिथं काय पेरू नका म्हंजे झालं."

"तिथे कोण काय पेरतंय," मी म्हणालो आणि त्याच्या डब्यातला ठेचा घेतला.

दोन दिवसांनी बायको आणि वहिनी शेजारणींबरोबर टेम्पोत गोधड्या घालून नदीवर गेल्या. मी पोटाचं निमित्त काढून रजा घेतली होती. टेम्पो वळला तसा उठलो. दादाचा जुना रेनकोट अंगात चढवला, तोंडाला रुमाल बांधला, गुलाबावर मारायच्या छोट्या पंपात ते औषध कालवलं आणि सगळा वाफा भिजवून काढला. थोडं उरलं, तेही मातीवरच ओतलं. कशाला वाया घालवा! मग पंप तीन पाण्यांनी धुतला, बाटली पिशवीत गुंडाळून कारखान्याजवळच्या कचऱ्यात टाकायला वेगळी ठेवली, आणि आडवा होऊन मॅच लावली.

आमच्या घरात ही असली औषधं आणायला बंदी आहे. बायको भाजी मिठाच्या पाण्यात धुते, कढीपत्त्यावर मावा पडला तर ताक शिंपडते. म्हणून मी गवत वाळल्यावर सांगितलं की उपटून जागेवरच वाळत टाकलं होतं, आणि ते नुसतं खराट्याने लोटून ढीग केला. वाफा न्हाव्याने भादरल्यासारखा स्वच्छ दिसत होता.

"अहो, हे तुम्ही केलंत?" बायको दारात उभी राहून म्हणाली. हा प्रश्न तिने मला लग्नानंतर प्रथमच कौतुकाने विचारला होता.

वहिनी मागून आल्या. "भाऊजी, हाताला फोड आले असतील. दाखवा."

आता खरं म्हणजे इथे थांबता आलं असतं. मी हात पुढे केला. तळव्याला काहीही झालेलं नव्हतं, पण मी चेहरा असा केला की झालंय असं वाटावं. वहिनींनी खोबरेल कोमट करून आणलं आणि माझ्या दोन्ही तळहातांना चोळलं. "तुमच्या दादालाही असंच व्हायचं," म्हणाल्या. मी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, झोंबतंय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो जाऊन तेव्हा पावणेदोन वर्षं झाली होती. त्याची एकुलती एक मुलगी पुण्याला शिकायला होती. वहिनी आमच्याकडेच राहायच्या. म्हणजे खरं तर घर त्यांचंच, आम्ही वरच्या मजल्यावर. नवरात्रात घट बसवायचा मान आई गेल्यापासून वहिनींचा. दादा गेला त्या वर्षी घट बसलाच नव्हता. आता पुन्हा बसवायचा, तर कुणी, हा प्रश्न उभा राहिला. आणि घरात नसलेला प्रश्न उभा करायला आमच्या आत्या पंचवटीहून रिक्षाने आल्या.

आत्या पलंगावर मांडी घालून बसल्या आणि चहा बशीत ओतून म्हणाल्या, "धाकटी आहे ना धडधाकट. तिच्या हातून बसवा. हिनं आता देवाचं मागं राहून करावं."

वहिनी तेव्हा तिथेच देवाची भांडी चिंचेने घासत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

मी उसळलो. मला उसळायला आवडतं, फार खर्च येत नाही. "आत्या, गोधड्या आपटायला वहिनींचे हात चालतात. माळा धुवायला चालतात. आत्ता तुझ्यासमोर देवीचा तांब्या घासतायत तेही चालतं. आणि चार दाणे मातीत टाकायला चालत नाहीत?"

"तू कारखान्यात पुढारी आहेस का रे?"

"देवी काय हातातल्या बांगड्या बघून धान उगवू देते?"

"मला काय विचारतोस? उगवलं तर दिसेलच की," आत्या म्हणाल्या आणि बशी तोंडाला लावली.

वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, नको. उगाच कशाला. ती बसवेल की."

"नाही. वहिनी, तुम्हीच बसवायचा."

बायकोने त्या रात्री मला न मागता तूप वाढलं. मीही स्वतःवर खूश होतो. घरात एक सुधारक असावा असं मला नेहमी वाटायचं, आणि तो मी निघालो होतो.

आता माझ्या अज्ञानाची कबुली. आमच्या घरात वर्षानुवर्षं घट बसतो. परडीत माती पसरतात, तिच्यात गहू, ज्वारी, मूग असं सात प्रकारचं धान पेरतात, वर पाण्याचा कलश ठेवतात, रोज एक झेंडूची माळ चढते. नऊ दिवसांत पिवळसर पोपटी तुरे वितीएवढे वाढतात आणि दसऱ्याला ते आपण कानावर खोवून सोनं वाटत फिरतो. हे सगळं मला माहीत होतं. फक्त ती माती कुठून येते हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, उदबत्त्या-नारळ येतात तिथून येत असेल.

ती मागच्या वाफ्यातून यायची. निफाडकडचं आमचं शेत वाटण्या होऊन विकलं गेलं तेव्हा दादाने एक ट्रॉली काळी माती आणून तिथे टाकली होती. मला ते चिखलाचं खूळ वाटलं होतं. ती ट्रॉली घटासाठी होती, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे दोन्ही बायकांना.

घटस्थापनेच्या सकाळी मी न्हाणीघराचं छत ब्लीचने घासत होतो, तेव्हा वहिनी घमेलं घेऊन मागे गेल्या. माती आणली, चाळली, खडे वेचले, आणि आत्यासमोर, बायकोसमोर, घट बसवला. मी दारातून हात जोडले. हाताला ब्लीचचा वास होता.

तिसऱ्या दिवशी मातीला भेगा पडतात आणि पांढरी टोकं वर येतात. त्या वर्षी माती तशीच गुळगुळीत राहिली. आत्या संध्याकाळच्या आरतीला यायच्या, घटाकडे बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. न बोलण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

"पाणी जास्त झालं असेल," बायको म्हणाली.

"मी दरवर्षीइतकंच घातलं गं," वहिनी म्हणाल्या.

"धान जुनं असेल."

"नवीन आणलंय."

"मग माती?"

"माती दरवर्षीचीच. मागच्या वाफ्यातली."

मी साबुदाण्याची खिचडी खात होतो. शेंगदाणा घशात अडकला. बायकोने पाठीत धपका मारला आणि विचारलं, "काय झालं?" आणि मी म्हणालो, "मिरची."

सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. अगदी सोपं वाक्य होतं. पण ते सांगायचं तर औषध आलं, मग पोटाचं निमित्त आलं, मग खोबरेल आलं. आत्यासमोर एवढं भाषण ठोकलेला सुधारक रेनकोट घालून चोरून फवारणी करत होता, हे आलं. मला वहिनींची काळजी होती असं मी म्हणू शकेन, पण ते खोटं होईल. मला माझं हसं व्हायला नको होतं.

माती बदलावी तर घट एकदा बसला की हलवत नाहीत. मग मला एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचतात तेव्हा घरच्यांनी खरं तर पळून जायला हवं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना मी भाजीबाजारातून मोड आलेले मूग आणले. शनिवार होता, अर्धा दिवस. दुपारी दोघी जरा लवंडल्या होत्या. मी देवघरापुढे मांडी घातली. उदबत्तीच्या काडीने मातीत भोकं पाडली आणि एकेक मूग मोड वर ठेवून खोवायला लागलो. काही उलटे गेले, काही तुटले. शर्टाची बाही अखंड दिव्याजवळ गेली, वात फडफडली, आणि मी देवीकडे बघून असं हसलो, जसं ओळखीचा हवालदार दिसल्यावर हसतात. उरलेले मूग खिशात टाकले.

संध्याकाळी वहिनींची हाक आली. "अगं ये! लवकर ये गं! आलं!"

बायको हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. वहिनी देवघरापुढे गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि हसत होत्या. दादा गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पुण्याला मुलीला व्हिडिओ कॉल लावला, फोन परडीवर उलटा धरला. "दिसतंय का? हे बघ. हे बघ इथे पण. मी म्हटलं ना, उशीर झाला तरी येतं."

आत्या आल्या, चष्मा पुसून वाकल्या. "हं. मूग आलेत," म्हणाल्या. "बाकीचंही येईल मग." आणि बऱ्यापैकी मोठ्या मनाने त्यांनी वहिनींच्या हातात माळ दिली.

मी मागे उभा राहून टाळ्या वाजवत होतो. आपण वाईट केलेलं आपणच निस्तरलं, असं मला वाटलं. रात्री छान झोप लागली.

सकाळी मोड लवले होते. संध्याकाळपर्यंत पिंगट झाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते मातीवर चिकटून बसले आणि देवघरात धुपाच्या खालून एक आंबूस वास यायला लागला. ते औषधाने गेले की माझ्या खोवण्याने, मला माहीत नाही. पण मी काय करून बसलो होतो हे मला आत्यांच्या तोंडावर दिसलं. नुसतं न उगवणं एक वेळ चाललं असतं. पाणी, धान, हवा, कशावरही ढकलता आलं असतं. पण उगवून जाणं? आणि तेही नवरा गेलेल्या बाईच्या हातून?

आत्या टोमणा मारतील अशी मी वाट बघत होतो. मारला असता तर मी पुन्हा उसळलो असतो, कदाचित त्या भरात खरंही बोललो असतो. पण त्यांनी वहिनींच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "असतं एकेकीचं. मनाला लावून घेऊ नकोस बाई."

वहिनींनी मान हलवली. त्यांनी ते मनाला लावून घेतलं, हे त्यांच्या मान हलवण्यातच कळलं.

दसऱ्याला कुणाच्याच कानावर काही नव्हतं. वहिनींनी परडीचं स्वतः विसर्जन केलं, कलश घासला आणि पालथा घातला.

पुढच्या वर्षी पितृपक्षात त्यांनी बायकोला सांगितलं, "घट तू बसव. बाकीचं सगळं मी करते." बायको नको म्हणाली, भांडली, शेवटी बसवला. मात्र ती माती लाभत नाही म्हणून रविवार कारंज्याच्या बाजारातून मातीची पिशवी विकत आणली. घट असा उगवला की विचारू नका, कंगवा घालावा इतका दाट. आत्यांनी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. झालं, सिद्ध झालं. हात बदलला, धान आलं. माती पण बदलली होती, पण त्याला किती महत्त्व आहे हे एकट्या मला माहीत होतं, आणि मी "वा, वा" करत होतो.

तेव्हापासून वहिनींनी आपले हात एकेका गोष्टीतून काढून घेतले. आधी कुंडीत धणे चुरडून टाकले तरी त्यांची कोथिंबीर यायची, गल्लीतल्या बायका रोपं लावून घ्यायला त्यांना बोलवायच्या. आता कुणी बोलावलं तर म्हणतात, "माझ्या हाताला गुण नाही हो," आणि हसतात. शेजारच्या मुलीच्या डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली तेव्हा त्या स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. घाण कामं मात्र दुप्पट करतात. मोरी, माळा, गटाराची जाळी. मी आता वाफा हाताने खुरपतो. घरात सगळ्यांना वाटतं, मला बागकामाची आवड लागली. टाकळा पुन्हा कमरेएवढा येतो, म्हणजे माती कधीच बरी झाली आहे. पण तिथली मूठभर माती घ्यायला कुणी जात नाही.

यंदा पुतणीचं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख आहे. परवा माळ्याची सफाई चालली होती. वहिनी वर, मी खाली शिडी धरून, बायको पितळेची पातेली मोजून घेत होती. बायको म्हणाली, "जाऊबाई, जातं खाली काढू या. मुहूर्ताची हळद दळायला लागेल. पहिला हात तुमचा."

"माझा नको," वहिनी वरून म्हणाल्या. "तू दळ. हळद लावायलाही तूच लाव. मी मागे राहीन."

"लेकीच्या हळदीला आई मागे?"

"माझ्या हातचं येतं आणि जातं गं. तिच्या संसाराला कशाला?"

बायकोने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मी शिडी धरून उभा होतो. तोंड उघडलं. शब्द अगदी दातांपाशी आले होते. आणि मी म्हणालो, "वहिनी, जपून उतरा, ती पायरी सैल आहे."

पायरी सैल नव्हती.

संध्याकाळी पुण्याहून पुतणीचा फोन आला. तिला बायकोकडून कळलं होतं. आधी ती आईवर चिडली होती, मग रडायला लागली. "काका, मला हळद आईनेच लावायला हवी आहे. काकूचं, माझं, कुणाचंच ती ऐकत नाही. तू बोल ना. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. तेव्हा तूच एकटा तिच्या बाजूने उभा राहिला होतास."

मी म्हणालो, "बोलतो."

अजून बोललेलो नाही. वहिनी खालच्या मजल्यावर आहेत. आत्ता त्या मागची भिंत घासतायत, खराट्याचा आवाज येतोय. त्या हे वाचतील असं नाही, आणि वाचलं तरी हे लिहिणं मी बोलण्यात धरत नाही.

वहिनींना मी एक कबुली देणं लागतो: माती मी बिघडवली, मूग मी खोवले, तुमच्या हातात काहीच दोष नव्हता. ती त्यांच्या तोंडावर द्यायची आहे, आत्यांच्या समोर द्यायची आहे, आणि हळदीच्या आधी द्यायची आहे.